रोपित मूत्रपिंड आणि पेशींची स्मृती

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा भारतातील पहिला प्रयत्न झाला, तेव्हा रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र हाती आले होते; परका अवयव नाकारणाऱ्या पेशींना आवरणारी औषधे मात्र अपुरी होती. पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए नावाच्या प्रथिनांवरून शरीर आपले-परके ओळखते, आणि ही प्रथिने आई-वडिलांकडून निम्मी-निम्मी येत असल्याने सख्ख्या भावंडांतही ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते.

दात्याच्या मूत्रपिंडासोबत आलेल्या डेंड्रायटिक पेशी रुग्णाच्या लसिकाग्रंथींत पोहोचल्या की तेथील टी-पेशी परकी प्रथिने ओळखतात, इंटरल्युकिन-२ हे संदेशद्रव्य स्रवतात आणि झपाट्याने वाढतात. त्यांतील मारक पेशी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या भिंतीत शिरतात; बायोप्सीच्या काचपट्टीवर नलिकेच्या पेशींमध्ये घुसलेली त्यांची गडद केंद्रके स्पष्ट दिसतात. बी-पेशींपासून तयार होणारी प्रतिपिंडे केशवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, आणि हा हल्ला आवरणे बहुधा अधिक कठीण जाते.

या पेशींना स्मृती असते, हे कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावे. गर्भारपणात बाळाच्या पेशींवरील पित्याच्या एचएलएशी मातेचा संबंध येतो, त्यामुळे काही स्त्रियांच्या रक्तात पतीच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि पुढे पतीने मूत्रपिंड देऊ केले तरी ते घेता येईलच असे नाही. पूर्वी घेतलेल्या रक्तानेही असे घडते. म्हणूनच रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या लसिकापेशी एकत्र करून पाहणारी क्रॉसमॅच चाचणी शस्त्रक्रियेआधी अनिवार्य मानली जाते.

टॅक्रोलिमस हे औषध इंटरल्युकिन-२ची निर्मिती रोखते. त्याची रक्तातील पातळी सकाळची गोळी घेण्यापूर्वी मोजतात, कारण ती घटली तर नकाराचा धोका आणि वाढली तर मूत्रपिंडालाच अपाय. प्रतिकारशक्ती अशी मुद्दाम दाबलेली असल्याने सुरुवातीच्या महिन्यांत शनी अमावास्येला शनिशिंगणापुरात उसळणाऱ्या गर्दीसारखी ठिकाणे रुग्णाने टाळावीत. दर्शन पुढेही घेता येते. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घेतले जाणारे गुळवेलीसारखे काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. नकाराची सुरुवात अनेकदा वेदनेवाचून होते आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरीच हानी झालेली असू शकते, म्हणून प्रकृती ठणठणीत वाटत असली तरी एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.