त्रेपन्न म्हणजे षड्ज

बीबीसी मायक्रो चालू केला की आधी एक घोगरा, खालचा सूर निघायचा आणि त्याला मध्येच तोडून एक बारीक 'बीप' यायची. तो घोगरा सूर कुणी मुद्दाम बसवलेला नव्हता. वीज मिळाली की ध्वनीची चिप आपणहून वाजू लागायची. मग संगणक जागा होऊन तिला गप्प करायचा आणि स्वतःची 'बीप' द्यायचा.

हे यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं. बीबीसीला दूरदर्शनवरून संगणक शिकवायचा होता आणि त्या मालिकेसोबत विकायला एक संगणक हवा होता. सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम आठवड्याभरात त्याचा चालता नमुना उभा केला, कंत्राट मिळालं आणि डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आलं. दोन मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, 'बी' मॉडेलला ३२ किलोबाइट स्मृती, साय रंगाची पेटी, काळी बटणं आणि वरच्या ओळीत दहा लाल-केशरी बटणं. याच दोघांनी पुढे एआरएम प्रोसेसरची रचना केली. त्याचे वंशज आज आपल्या मोबाइलमध्ये आहेत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

भारतात हा संगणक आला तो 'क्लास' या सरकारी योजनेतून. १९८४-८५ मध्ये निवडक शाळांत प्रयोग म्हणून ती सुरू झाली आणि पुढे एकूण १२,००० बीबीसी मायक्रो शाळांना वाटले गेले अशी सरकारी नोंद आहे. आमच्या शाळेच्या वाट्यालाही ते आले. खोलीला पडदे लागले, चपला बाहेर काढायच्या अशी पाटी लागली आणि भौतिकशास्त्राचे सर रातोरात संगणकाचे सर झाले. एका संगणकावर तिघं-चौघं. एकाच्या हाती कीबोर्ड, बाकीचे सल्लागार.

सरांच्या मते संगणक पाढे आणि सरळव्याज यांसाठी होता. आमच्या मते तो वाजवण्यासाठी होता, कारण त्याच्या बेसिकमध्ये 'साउंड' नावाची आज्ञा होती आणि तिच्यापुढे चारच आकडे लिहायचे होते. पहिला वाहिनीचा, दुसरा आवाजाचा, तिसरा स्वराचा, चौथा कालावधीचा. 'साउंड १, -१५, ५३, २०' लिहून रिटर्न दाबलं की पेटीची पांढरी एक पूर्ण आवाजात एक सेकंद वाजे. कालावधी सेकंदाच्या विसाव्या हिश्शात मोजायचा, आणि आवाज वजा चिन्हात का, हे सरांनाही सांगता येत नव्हतं. स्वराच्या आकड्यात ४८ मिळवले की तार षड्ज. म्हणजे सप्तकाचे बारा नव्हे, अठ्ठेचाळीस भाग. दोन पट्ट्यांच्या मधे आणखी तीन जागा.

पेटीवर वाढलेल्या मुलाला याचा अर्थ लगेच कळत नाही. मला तो कळला गंधारापाशी. पांढरी एकचा षड्ज ५३ धरला तर पेटीचा शुद्ध गंधार येतो ६९ वर. तंबोरा नीट जुळला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो मात्र पेटीच्या गंधाराहून थोडा उतरलेला असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा गंधार ४०० वर आणि स्वयंभू सुमारे ३८६ वर. संगणकावर ६८ लिहिलं तर ३७५ मिळतात. नेमका तो नाहीच, पण पेटीपेक्षा किंचित जवळ. धैवताचंही तसंच: ८९ ऐवजी ८८. पंचम मात्र ८१ वर बिनतक्रार. गाण्याच्या बाईंना दोन्ही गंधार ऐकवले तेव्हा त्या ६८ ला म्हणाल्या, "हा जरा माणसात आहे." आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दाराबाहेर ठेवलं, त्यामागच्या वादाचं एक टोक या एका आकड्याच्या फरकात होतं.

इथे सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची आठवण काढायलाच हवी. १९८२ च्या त्या स्वस्त यंत्राच्या माहितीपुस्तकात स्टीव्हन व्हिकर्स यांनी चक्क भारतीय संगीताचा उल्लेख केला आहे: त्यात अर्ध्या स्वरापेक्षा लहान अंतरं असतात आणि 'बीप' या आज्ञेला अपूर्णांक देऊन ती वाजवता येतात. म्हणजे स्पेक्ट्रमवर ३८६ सेंटचा गंधार थेट लिहिता येत होता. अडचण एवढीच की तो वाजत असताना प्रोसेसरला दुसरं काहीच करता येत नसे. सूर संपेपर्यंत सगळा कारभार ठप्प.

बीबीसी मायक्रोचं तसं नव्हतं. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएन७६४८९ ही स्वतंत्र चिप होती: तीन स्वरवाहिन्या आणि एक खरखरीची. स्वर रांगेत लावून द्यायचे, चिप वाजवत राहायची, प्रोग्रॅम पुढे जायचा. दोन वाहिन्यांवर पंचम-षड्ज धरून तिसरीवर भूप वाजवणं, एवढं आमचं संगीतक्षेत्र. खरखरीच्या वाहिनीतून तबला काढायचे प्रयत्न झाले. त्यातून निघाला तो फार तर झाडू. तंबोऱ्याची जवारीही तिथे नव्हती. चिपचे सगळे सूर चौकोनी तरंगाचे, कोरडे आणि उभे.

मंद्र सप्तकाची तर पूर्ण पंचाईत. ही चिप साधारण १२२ हर्ट्झच्या खाली उतरतच नाही, कारण वारंवारिता ठरवणारा तिचा भाजक दहा बिटांचा आहे आणि १०२३ च्या पुढे जात नाही. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या षड्जाचा आकडा ५. त्याखाली १ वर शुद्ध निषाद, आणि तिथे जमीन लागते. उलट वर जावं तसा भाजक लहान होत जातो, दोन शेजारच्या सुरांतलं अंतर वाढतं आणि अगदी वरच्या सप्तकांत चिप स्वतःच बेसूर होते.

मींड हवी असेल तर 'एन्व्हेलप'. या आज्ञेला चौदा आकडे लागत. त्यांतले सहा सूर किती आणि किती वेळा सरकवायचा हे सांगणारे. दर दोन शतांश सेकंदाला एक घर वर, अशी पंधरा घरं, की षड्जापासून ६८ च्या गंधारापर्यंत बरी मींड मिळे. संथ मींड घेतली की पायऱ्या ऐकू येत. वर-खाली सरकवून दरबारीचा आंदोलित गंधार काढायला गेलो, तर शेजारच्या वर्गाला रुग्णवाहिका आल्यासारखं वाटलं.

नुसत्या आवाजात कमोडोर ६४ कितीतरी पुढे होता, हे कबूल. बॉब यानेस यांनी रचलेली त्याची 'सिड' चिप म्हणजे लहानसा सिंथेसायझरच: चार प्रकारचे तरंग, खराखुरा फिल्टर. रॉब हबर्ड यांचं १९८५ चं 'मॉन्टी ऑन द रन' ऐकलं की ही तीनच वाहिन्यांची करामत आहे यावर विश्वास बसत नाही. पण त्या यंत्राचं बेसिक मुकं होतं. सुरासाठी आज्ञाच नाही. ५४२७२ पासूनच्या पत्त्यांवर 'पोक'ने आकडे टाकत बसायचं. वारंवारिता दोन तुकड्यांत, मग सुराचा चढ-उतार, मग तरंग, मग आवाज, तेव्हा कुठे एक 'सा'. हबर्ड यांनी बेसिकचा नादच सोडून थेट मशीनच्या भाषेत लिहिलं. तेरा वर्षांच्या मुलाला ते शक्य नव्हतं. म्हणून माझं मत असं की ऐकायला कमोडोर आणि शिकायला बीबीसी. दोघांत एकच निवडायचा झाला तर मी अजूनही बीबीसीच निवडेन.

ज्यांना पडताळून पाहायचं आहे त्यांनी मॅट गॉडबोल्ट यांचा 'जेएसबीब' हा एम्युलेटर ब्राउझरमध्ये उघडावा. तो फुकट आहे. आज्ञा रोमन मोठ्या अक्षरांतच लिहा. आधी ५३, मग ६८, मग ६९ वाजवा, आणि जवळ तंबोरा किंवा तंबोऱ्याचं ॲप पांढरी एकमध्ये लावून ठेवा. हेडफोन घालणार असाल तर -१५ च्या जागी -८ लिहा. त्या चिपचा पूर्ण आवाज कानांना सोसत नाही.