किनाऱ्याची राखण आणि बारा-सीचा नमुना
लेखमाला : सरकारी पैसा, सरकारी कागद. लेखांक ७

पालीला समुद्र नाही. रत्नागिरी शहरापासून साधारण वीस किलोमीटर आत, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. हातखंब्यापासून महामार्गाच्या सोबतीने आलेला कोल्हापूरचा रस्ता इथे वेगळा होतो आणि नाणीज, साखरपा करत आंबा घाटाकडे निघतो. मिरकरवाडा बंदरातून घाटावर जाणारी मासळीची वाहने याच नाक्यावर वळतात. सरहद्द म्हटली की डोळ्यांपुढे काश्मीर येते, फार तर कच्छचे रण. पण रत्नागिरी जिल्ह्याचा सुमारे १६७ किलोमीटरचा किनारा हीसुद्धा देशाची सीमाच आहे, आणि तिथे चोरून उतरलेल्या मालाला देशावर जायचे तर महामार्ग ओलांडून एखादा घाट चढावाच लागतो.

हे कोकणाला १९९३ साली कळले. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले, आणि १२ मार्चला बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. वाटेत पोलिसांनी अडवलेला माल लाच घेऊन सोडला गेला, हे पुढे टाडा न्यायालयात सिद्ध झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल, कस्टम आणि पोलीस यांची संयुक्त गस्त सुरू झाली. ‘ऑपरेशन स्वान’ म्हणतात ते हेच. मात्र किनाऱ्यावरच्या राज्यांसाठी केंद्राची रीतसर अनुदान योजना यायला २००५-०६ उजाडले.

आता गंमत पाहा. सीमाभागासाठी केंद्राचा सर्वांत जुना कार्यक्रम १९८६-८७ चा, सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम. त्यातले पैसे जमिनीवरच्या आंतरराष्ट्रीय सीमेलगतच्या वस्त्यांसाठी आहेत. २०२३ मध्ये आलेला ४,८०० कोटींचा ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रमही उत्तर सीमेवरच्या गावांचा, लडाखपासून अरुणाचलपर्यंतचा. पूर्णगडच्या किंवा बाणकोटच्या ग्रामपंचायतीने कितीही ठराव केले, तरी या दोन्ही योजनांच्या अर्जात त्यांच्या गावाला रकानाच नाही. कोकणाच्या वाट्याला आली ती गृह मंत्रालयाची सागरी सुरक्षा योजना, आणि तिचा लाभार्थी गाव नसून राज्याचे पोलीस दल.

पहिल्या टप्प्यात देशभरात ७३ सागरी पोलीस ठाणी, ९७ तपासणी चौक्या, ५८ दूरक्षेत्रे, ३० बराकी आणि २०४ बोटी मंजूर झाल्या. महाराष्ट्राला १२ ठाणी, ३२ चौक्या, २४ बराकी, २८ बोटी. देशातल्या तीसपैकी चोवीस बराकी एकट्या महाराष्ट्राने मागून घेतल्या, यात आपल्या गृहखात्याची दूरदृष्टी दिसते की पोलिसांच्या निवाऱ्याची जुनी आबाळ, हे वाचकाने ठरवावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर दुसरा टप्पा आखला गेला. तो १ एप्रिल २०११ पासून सुरू झाला आणि मुदतवाढ घेत २०२० पर्यंत चालला. खर्चाचा आकडा १,५७९.९१ कोटींचा. त्यात महाराष्ट्राला आणखी ७ ठाणी, १४ बोटी आणि ३ जेट्टी.

या पैशाचे दोन चेहरे होते, आणि कागदही दोन तऱ्हेचे. बोटी केंद्राने स्वतःच बांधून घेतल्या, गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याच्या गार्डन रीच या सरकारी गोद्यांत. राज्याला बोटीचे पैसे आलेच नाहीत, बोट आली. तिथे कागद म्हणजे ताबापावती आणि नोंदवहीतली नोंद. ठाणे, चौकी, बराक बांधण्यासाठी मात्र रोख अनुदान. शिवाय पहिल्या टप्प्यात प्रत्येक ठाण्याला उपकरणे, संगणक आणि फर्निचर यांसाठी एकरकमी १० लाख रुपये. खरी कागदांची चळत या दहा लाखांपासून आणि बांधकामापासून सुरू होते.

पहिला कागद जमिनीचा. बाणकोट सावित्रीच्या मुखाशी, दाभोळ वाशिष्ठीच्या, पूर्णगड मुचकुंदीच्या. सागरी ठाणे अशाच खाडीच्या तोंडावर हवे, आणि तिथली जमीन म्हणजे कोकणातला सातबारा. एका गुंठ्यावर अर्धा डझन हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत, एखादा हयात नाही आणि वारसनोंद कोणी केलेली नाही. म्हणून सरकारी जागा शोधायची. ती भरतीरेषेजवळ निघाली की सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, परवानगी, मोजणी नकाशा, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. दिल्लीतून मंजूर झालेले ठाणे किनाऱ्यावर उभे राहायला वर्षे लागतात ती इथे. देशाच्या सुरक्षेचे काम आहे म्हणून तलाठी कार्यालयात वेगळी रांग नसते.

त्यानंतर येतो या लेखांकाचा नायक, उपयोगिता प्रमाणपत्र. कार्यालयांतून त्याला सगळे ‘यूसी’च म्हणतात. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे राज्य सरकारने केंद्राला द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना आहे १२-सी. त्याआधीच्या नियमांत १९-अ होता. एका पानाचा हा कागद वाचायला अगदी साधा. अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या पत्राने इतके रुपये मंजूर झाले, मागील वर्षाची शिल्लक इतकी, त्यातून ज्या कामासाठी मंजुरी होती त्याच कामावर इतके खर्च झाले, उरलेले परत केले किंवा पुढच्या हप्त्यात वळते होतील. खाली आणखी एक वाक्य असते, आणि सही करणाऱ्याचा हात तिथे अडखळतो: अनुदानाच्या अटी पाळल्या गेल्या आहेत याची मी खातरजमा केली आहे, आणि त्यासाठी पुढील तपासण्या केल्या आहेत. त्या तपासण्या एकेक करून लिहायच्या असतात.

‘त्याच कामावर’ हे दोन शब्द महत्त्वाचे. बांधकामाचे पैसे उरले आणि ठाण्याला जीप हवी आहे, तर ती त्यातून घेता येत नाही. पैसा वेळेवर आला नाही म्हणून स्थानिक निधीतून आधी काम उरकले, तर तो खर्च या प्रमाणपत्रात कसा बसवायचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो. आणि मागचे यूसी गेले नाही, तर पुढचा हप्ता हलत नाही. सर्वसाधारण मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची.

२०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांच्या पैशाला आणखी एक शिस्त लागली. प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल यंत्रणा, एकच बँक खाते. केंद्राचा हिस्सा एका वेळी पाव भागाहून जास्त येणार नाही, आणि राज्याने आपला हिस्सा त्या खात्यात टाकून आधीच्या पैशांतले ७५ टक्के वापरल्याशिवाय पुढचा पाव भाग नाही. पोलीस दलाच्या आधुनिकीकरणासारख्या योजनेत महाराष्ट्राला ४० टक्के स्वतःचे घालावे लागतात. म्हणजे दिल्लीची तिजोरी उघडण्याची किल्ली मुंबईच्या वित्त विभागात.

हे सगळे वाईट आहे असे नाही. मार्च महिन्यात पैसे उचलून खात्यात निजवून ठेवण्याची जुनी खोड या नियमांनी बरीच मोडली. तक्रार वेगळी आहे. यूसीचा कागद विचारतो की पैसा कशावर खर्च झाला. बोट रात्री बाहेर पडली का, हे तो विचारत नाही. पहिल्या टप्प्यात इंधन, दुरुस्ती आणि प्रशिक्षणासाठी केंद्राने १५१ कोटी वेगळे ठेवले होते, पण बोटीवरची माणसे राज्यानेच द्यायची होती. पोलीस भरतीतून आलेला शिपाई दर्यावर्दी नसतो. इंजिन जाणणारा आणि खाडीच्या मुखातली वाळूची दांडी ओळखणारा माणूस वेगळा. इमारतीचे कार्यपूर्तता प्रमाणपत्र जोडता येते, अशा माणसाचे कोणते जोडणार?

अमेरिकेत ‘ऑपरेशन स्टोनगार्डन’ नावाचे सीमा अनुदान आहे. ते स्थानिक शेरीफ आणि पोलीस खात्यांना मिळते, आणि त्यातला मोठा भाग जादा तासांच्या वेतनावर आणि इंधनावर जातो. त्यासाठी आधी त्या भागातल्या बॉर्डर पेट्रोलसोबत बसून कारवाईचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. तिथेही कागदांबद्दल कुरकुर आहेच, पण निदान त्या कागदाचा विषय गस्त आहे.

आपल्याकडे गस्तीच्या जवळ जाणारा कागद सापडतो तो मच्छीमाराच्या खिशात. नौकेची नोंदणी, १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालचा परवाना आणि खलाशांची ओळखपत्रे. २६/११ चे हल्लेखोर ‘कुबेर’ या पोरबंदरच्या ट्रॉलरवरून आले, तेव्हापासून या कागदांवर सुरक्षेची नजर आहे. रत्नागिरीत यात एक स्थानिक पेच आहे. इथल्या अनेक बोटींवर खलाशी नेपाळचे. तालुक्यातल्या आंबा बागांत राखणीला असतात त्यांचेच हे भाऊबंद. १९५० च्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, आणि भारतीय मच्छीमारांसाठीचे बायोमेट्रिक कार्ड त्यांचे नव्हे. तेव्हा बंदरावर तपासणी झाली की तांडेल त्यांच्या नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्यांची पिशवी पुढे करतो.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात केली. १३ सागरी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांसाठी ही सोय, खर्च सुमारे ३६० कोटी. पैसा मत्स्यव्यवसाय खात्याचा, उपयोग मच्छीमाराच्या जिवाला आणि किनाऱ्याच्या राखणीलाही. बोट कुठे आहे हे यंत्रच सांगणार, म्हणजे खर्चाच्या कागदाला पहिल्यांदाच समुद्रावरची नोंद जोडता येईल. ती नोंद सागरी ठाण्याच्या पडद्यावर पोचते की मत्स्य खात्याच्याच फाइलीत राहते, यावर बरेच अवलंबून आहे.

(पुढील लेखांकात : जेट्टी कोणाची? मेरीटाइम बोर्ड, मत्स्यव्यवसाय आणि गृह या तीन खात्यांचा एकाच धक्क्यावरचा पत्रव्यवहार.)