चांदी घेताय? वीट, नाणं की पैंजण : मोडायच्या दिवशी कशाला किती पैसे मिळतात, समजून घ्या

सोयाबीन, कापूस विकून चार पैसे हातात आले की गावाकडं दोन गोष्टी ठरलेल्या असतात. उधारी फेडायची आणि उरलं तर सराफाकडं चक्कर मारायची. सोन्याचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्यापासून तालुक्याच्या सराफ बाजारात चांदीची विचारपूस वाढली आहे. २०२५मध्ये चांदीने किलोला एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी दिवाळीपर्यंत दीड लाखाच्याही पुढे गेली. तेव्हापासून "थोडी चांदी घेऊन ठेवू" हे वाक्य पारावर नेहमीच ऐकू येतं.

पण चांदी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं? कोणी पैंजण घेतं, कोणी लक्ष्मीचं नाणं, कोणी अर्ध्या किलोची वीट. तिन्ही चांदीच. मात्र अडचणीच्या वेळी मोडायला नेल्यावर तिघांच्या हातात पडणारी रक्कम सारखी नसते. हा फरक काही शेकड्यांचा नाही, हजारोंचा असू शकतो. म्हणून घ्यायच्या आधीच हिशेब समजून घेतलेला बरा.

आधी तीन शब्द : भार, टंच, मजुरी

भार : चांदीच्या बाजारात आजही भाराने बोलतात. एक भार म्हणजे एक तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता व्यवहारात १० ग्रॅमचा धरतात. वीस भार पैंजण म्हणजे २०० ग्रॅम. पावतीवर मात्र वजन ग्रॅममध्येच लिहून घ्या.

टंच : वस्तूत खरी चांदी किती टक्के, ते म्हणजे टंच. ९९९ म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी. ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टक्के. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून दागिन्यात तांबं मिसळावं लागतं. त्यात गैर काही नाही. टंच न सांगता पूर्ण चांदीचा भाव लावणं, हे गैर आहे.

मजुरी : यालाच घडणावळ म्हणतात. घेताना द्यावी लागते, मोडताना एक रुपयाही परत मिळत नाही. चांदीवरचा ३ टक्के जीएसटीही तसाच, गेला तो गेला.

थोडक्यात, मोडीच्या दिवशी सराफ फक्त वजन आणि टंच बघतो. नक्षी, घुंगरू, डबी, पॅकिंग याला भाव नाही.

वीट आणि लगड

गुंतवणूक एवढाच हेतू असेल तर वीट सगळ्यात सरळ. ५० ग्रॅम, १०० ग्रॅमपासून एक किलोपर्यंत मिळते. टंच बहुतेक वेळा ९९९ असतो. मजुरी नावाला असते, म्हणून मोडताना तोटा सगळ्यात कमी.

घेताना विटेवर वजन, टंच आणि बनवणाऱ्याचा शिक्का आहे का ते बघा. सीलबंद पाकिटात असेल तर पाकीट फोडू नका. काही ठिकाणी दुकानदार स्वतः गाळून कापलेली, शिक्का नसलेली लगड देतात. ती खरी असली तरी दुसऱ्या सराफाकडं गेल्यावर तो आधी टंच तपासणार आणि मगच भाव सांगणार.

एक किलोच्या एका विटेपेक्षा १००-१०० ग्रॅमच्या दहा घेतलेल्या शेतकऱ्याला जास्त सोयीच्या. छोट्या विटेला ग्रॅममागे थोडे पैसे जास्त जातात, पण बियाणं-खताला पंधरा हजार हवे असतील तर तेवढ्याच मोडता येतात. किलोची वीट तोडून विकत बसायची वेळ येत नाही.

नाणी

धनत्रयोदशीला सगळ्यात जास्त खपतात ती लक्ष्मी-गणपतीची नाणी. ५, १०, २० ग्रॅमचं नाणं भेट द्यायला, पूजेला चांगलं. पण ग्रॅममागे मजुरी विटेपेक्षा जास्त पडते. नाणं जितकं छोटं तितकी ती जास्त. पूजेला एक नाणं घ्या, गुंतवणुकीला घ्यायचंच तर ५० किंवा १०० ग्रॅमचं घ्या.

दुसरी असतात जुनी इंग्रजांच्या काळातली नाणी, राणीछाप आणि जॉर्जछाप. ब्रिटिश काळातला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा होता. पण १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, आणि १९४७चा रुपया तर निकेलचा आहे. त्यामुळे आजीच्या गाठोड्यातलं नाणं मोडायला नेताना आधी त्यावरचं साल वाचा.

ही नाणी बाजारात नव्याने विकत घ्यायच्या भानगडीत मात्र पडू नका. ओतीव नकली नाणी भरपूर फिरतात. "खोदकामात हंडा सापडला, स्वस्तात देतो" असं सांगणारा भेटला तर तो फसवणूकच करतोय असं समजा. आणि समजा हंडा खरा निघाला, तरी १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते परस्पर विकता येत नाही.

पैंजण, जोडवी, तोडे, करदोडे

चांदीचा दागिना आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी गाव तर चांदीच्या कारागिरीवरच उभं आहे. अंगावर घालायला, लेकीला द्यायला दागिना घ्यावाच. पण त्याला गुंतवणूक म्हणायची घाई करू नये.

कारण एक, मजुरी जास्त. कारण दोन, टंच कमी. पैंजणात जोड खूप असतात, प्रत्येक जोडाला झाळ लागते आणि त्यात दुसरा धातू असतो. ६०-७० टंचाचे पैंजण बाजारात सर्रास मिळतात. कारण तीन, वापरात झीज होते.

म्हणून दुकानात एकच प्रश्न ठामपणे विचारा : "भाव वजनावर लावताय की टंचावर, आणि मोडायला आणलं तर किती टक्के धरणार?" उत्तर पावतीवर लिहून घ्या.

ताट, वाटी, मूर्ती

भांड्यांचा टंच पैंजणापेक्षा बरा असू शकतो, पण मजुरी आहेच. मूर्ती घेताना जास्त सांभाळा. बऱ्याच मूर्ती आतून पोकळ असतात आणि आत लाखेसारखा भराव असतो. वजन भरावासकट केलं तर लाखेला चांदीचा भाव दिल्यासारखं होतं. 'जर्मन सिल्व्हर' या नावाला तर अजिबात भुलू नका. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे, त्यात चांदी नसते.

हिशेब करून बघा

हिशेब सोपा जावा म्हणून समजा चांदी किलोला १ लाख रुपये आहे आणि प्रत्येकी १०० ग्रॅम घ्यायची आहे. म्हणजे धातूची किंमत १० हजार. मजुरी आणि घट दुकानागणिक बदलते, इथले आकडे फक्त उदाहरणाला आहेत. जीएसटी सोयीसाठी सगळ्या रकमेवर ३ टक्के धरलाय.

वीट : १०,००० अधिक घडणावळ ३००, त्यावर जीएसटी ३०९. एकूण १०,६०९ रुपये. मोडताना सराफाने २ टक्के कापले तर हातात ९,८००. म्हणजे भाव साधारण ८ टक्के वाढला की मुद्दल सुटतं.

नाणी : १०,००० अधिक मजुरी ८००, जीएसटी ३२४. एकूण ११,१२४. मोडताना ४ टक्के कापले तर ९,६००. भाव साधारण १६ टक्के वाढायला हवा.

पैंजण : वजनावर पूर्ण भाव लावला तर १०,००० अधिक मजुरी १,५००, जीएसटी ३४५. एकूण ११,८४५. मोडताना टंच ७० निघाला तर हातात ७,०००. म्हणजे भाव जवळजवळ ६९ टक्के वाढेल तेव्हा कुठं मुद्दल सुटणार.

चांदी वाढली तरी "आपल्याला फायदा का झाला नाही" असं वाटतं, त्याचं उत्तर या तीन ओळींत आहे.

तारण ठेवायचं असेल तर गणित उलटं

विकायचं नाही, पेरणीपुरतं कर्ज काढायचं, असा विचार असेल तर मात्र वीट कामाची नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये सोनं-चांदी तारण कर्जाचे नियम काढले आणि ते लागू करायला १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत दिली. त्यानुसार बँका आणि एनबीएफसी चांदीचे दागिने आणि नाणी तारण घेऊ शकतात. वीट, लगड यावर कर्ज देता येत नाही.

मर्यादा अशी आहे : एका कर्जदाराला दागिने १० किलोपर्यंत, नाणी ५०० ग्रॅमपर्यंत. घरगुती गरजेच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८५ टक्के रक्कम मिळू शकते. किंमत ठरवताना टंच बघतात, खडे आणि मजुरी धरत नाहीत. प्रत्येक शाखा चांदी तारण घेतेच असं नाही. पतसंस्थांचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून चांदी घेण्याआधीच आपल्या शाखेत विचारून ठेवा.

ज्याला दोन्ही सोयी हव्यात, त्याने थोडी वीट आणि थोडी मोठी नाणी असं वाटून घेतलेलं सोयीचं.

हॉलमार्क आणि घरची तपासणी

सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला सध्या ऐच्छिक. पण १ सप्टेंबर २०२५पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक आला आहे. असा क्रमांक असलेला दागिना घेतला तर मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून दुकानातच खातरजमा करता येते. हॉलमार्कचा माल आहे का, असं विचारायला लाजू नका.

घरी दोन गोष्टी बघता येतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही, चिकटली तर ती चांदी नाही. पण न चिकटणारे धातू बरेच आहेत, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. दुसरी परीक्षा पाण्याची. छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, आकडा शून्य करा. वीट दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. १०० ग्रॅम शुद्ध चांदीला काटा साडेनऊ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर साडेअकरा-बाराच्या जवळ जातो. पोकळ वस्तूला ही परीक्षा चालत नाही. शंका राहिली तर सराफ बाजारात टंच काढून घ्या. दुकानातलं मशीन वरचा थर वाचतं, हेही लक्षात ठेवा. जाड मुलामा असेल तर ते फसू शकतं.

पावती, कर आणि सांभाळणं

पक्की पावती घ्या. वजन, टंच, भाव, मजुरी, जीएसटी सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दुकानदाराला रोखीत घेता येत नाही. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी चांदी विकून झालेला नफा शेतीचा धरला जात नाही. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर लागतो, त्याआधी विकली तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरतात. पावती नसेल तर घेतलेली किंमतच दाखवता येत नाही.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या अंशामुळे. काळी पडली म्हणून भाव कमी होत नाही. फक्त गंधकाची पावडर, औषधं ठेवलेल्या खोलीत ती ठेवू नका, रबरबँडही गुंडाळू नका. "दागिने चमकवून देतो" म्हणत दारात येणाऱ्याच्या हातात तर चांदी देऊच नका. त्याच्या द्रावणात दागिना चमकतो आणि चांदी मात्र त्या द्रावणातच राहते.

जास्त असेल तर लॉकर बघा. बँकेच्या चुकीने किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते, हे माहीत असू द्या.

भाव खालीही येतो

२०११च्या एप्रिलमध्ये चांदी किलोला ७० हजारांच्या पुढे गेली होती. २०१५ संपेपर्यंत ती ३५ हजारांच्या आसपास आली. तो जुना भाव पुन्हा दिसायला २०२० साल उजाडलं. ज्यांनी वरच्या भावात घेतली आणि मध्येच लग्न, दवाखाना निघाला, त्यांना निम्म्या पैशात मोडावी लागली.

म्हणून पुढच्या हंगामाच्या बियाण्याचे, खताचे, मुलांच्या फीचे पैसे चांदीत घालू नयेत. व्याजाने काढून तर अजिबात नाही. पाच-सात वर्षं हात लावायची गरज नाही असेच पैसे घाला, तेही एकदम न घालता दर हंगामाला थोडेथोडे. घालायला दागिना, पूजेला नाणं, साठवायला शिक्क्याची छोटी वीट, अशी वाटणी आधी घरात बसून ठरवा आणि मगच सराफाच्या पेढीवर जा.