५ लाखांचं कार्ड आहे, तरी औषधाला पैसे का लागतात?

रमजान जवळ आला की मशिदीच्या ट्रस्टकडे आणि बैतुलमालकडे अर्ज वाढतात. त्यातले बरेच दवाखान्याचे असतात. कुणाचं डायलिसिस, कुणाची ॲन्जिओप्लास्टी, कुणाच्या अम्मीची दर महिन्याची शुगर-बीपीची औषधं. सरकारची ५ लाखांची योजना असताना हे अर्ज का येतात, हे समजून घेतलं तर आरोग्य योजनांमध्ये सुधारणा कुठे हवी तेही कळतं.

योजना कशी वाढत गेली

महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार त्यात मिळायचे. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालतात. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने पांढऱ्या कार्डासह सर्व कुटुंबांना यात घेऊन मर्यादा ५ लाख करायचं ठरवलं. २०२४ मध्ये केंद्राने ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, योजना खुली केली.

म्हणजे कागदावर आज जवळपास सगळेच योजनेत आहेत.

मग अडतं कुठे?

अर्ज दोन प्रकारचे असतात. डायलिसिस आणि ॲन्जिओप्लास्टी योजनेत बसतात. तिथे बहुतेक वेळा कागद अडतो. आधारवर ‘शेख’ एका स्पेलिंगने, रेशनकार्डावर दुसऱ्या. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून निघालेलं नाही आणि सासरच्या कार्डात चढलेलं नाही. कधी दवाखानाच योजनेच्या यादीत नसतो आणि ते पेशंट दाखल झाल्यावर कळतं.

शुगर-बीपीच्या औषधांचं वेगळं आहे. ही योजना मुळात दाखल होणाऱ्या पेशंटसाठी आहे. ऑपरेशन, त्यासाठीच्या तपासण्या, डिस्चार्जनंतर काही दिवसांची औषधं एवढं त्यात येतं. ओपीडीची फी, रोजच्या गोळ्या, सहा महिन्यांनी करायची रक्ततपासणी यात येत नाही. यंत्रमागावर, गॅरेजमध्ये, फळाच्या गाडीवर काम करणारा माणूस गोळ्या परवडत नाहीत म्हणून मध्येच बंद करतो. काही वर्षांनी किडनी जाते, आणि तेव्हा त्याला ५ लाखांची योजना लागू होते.

दोन बाजू

एक बाजू म्हणते की विमा वाढवा. सरकारकडे पुरेसे मोठे दवाखाने नाहीत, हार्ट आणि कॅन्सरचे उपचार खाजगीतच आहेत, गरिबालाही तिथे जाता आलं पाहिजे. यात तथ्य आहे. या योजनेमुळे अनेक घरांवरचं कर्ज टळलं आहे.

दुसरी बाजू म्हणते की तोच पैसा सरकारी दवाखान्यात आणि औषधात घाला. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला.

तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. २०२१ पासून तिथे शुगर-बीपीच्या गोळ्या पेशंटच्या घरी पोहोचवल्या जातात. विमा योजना त्यांच्याकडेही आहेच, पण खालची पायरी त्यांनी सोडली नाही.

महाराष्ट्रातही पावलं पडली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं. पण महानगरपालिकेचे आणि मेडिकल कॉलेजचे दवाखाने या निर्णयात नव्हते. आपली मोठी वस्ती शहरांत आहे आणि ती याच दवाखान्यांवर अवलंबून आहे. शिवाय केसपेपर मोफत असूनही ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली तर पेशंटचा खर्च तेवढाच राहतो.

म्हणून आमचं मत असं: कार्डाची मर्यादा आणखी वाढवण्याआधी ओपीडी आणि रोजची औषधं मोफत, नियमित मिळावीत. मोहल्ल्याजवळ दवाखाना असावा आणि तो संध्याकाळी उघडा असावा, कारण रोजंदारीवाला दुपारी रांगेत उभा राहिला तर त्याचा दिवस जातो. नगरसेवक, आमदार मत मागायला येतात तेव्हा रस्ता-गटारासोबत हेही विचारायला हवं.

आपण काय करू शकतो

आजारपण येण्याआधी रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळवून घ्या. पेशंटला दाखल करण्याआधी १५५३८८ या मोफत नंबरवर दवाखाना यादीत आहे का ते विचारा. दवाखान्यात आधी ‘आरोग्यमित्र’ गाठा. योजनेतल्या उपचारासाठी पैसे मागितले तर त्याच नंबरवर तक्रार करा. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथेही हक्काने विचारा.

मशिदींच्या ट्रस्टींना आणि बैतुलमाल चालवणाऱ्यांना एक विनंती. अर्ज आला की आधी तो योजनेत बसतो का ते बघा. जुम्म्यानंतर तासभर कागद तपासून देणारे दोन तरुण बसवले तरी खूप काम होईल. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यात कर्जात अडकलेलाही आहे. जे सरकारकडून हक्काने मिळू शकतं, त्यावर जकात खर्च झाली तर दर महिन्याच्या गोळ्यांसाठी आलेल्या त्या अम्मीला द्यायला काही उरत नाही.