तार काढली, पुढे काय?

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब चालू असताना एका ताईंनी मध्येच विचारलं, "दात परत वाकडे झाले तर पैसे परत मिळतात का हो?" सगळ्या हसल्या, पण ताई काही हसल्या नाहीत. लेकीच्या दातांना तार लावायला त्यांनी गटातून कर्ज घेतलं होतं. तार निघून वर्ष झालं, चार हप्ते अजून बाकी, आणि खालचा पुढचा एक दात आत वळल्यासारखा दिसत होता. लेक म्हणे, आधीपासून तसाच आहे. आई म्हणे, तार काढली तेव्हा सरळ होता. शेवटी आम्ही दोघी-तिघी मायलेकींबरोबर शहरातल्या दवाखान्यात गेलो.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, हे आम्हाला तिथे कळलं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचं जाळं असतं. तारेने हळूहळू दाब दिला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. तार काढली तरी ते हाड पक्कं व्हायला महिने लागतात. हिरडीतले ताणलेले धागे तर वर्षभरसुद्धा दाताला मागे ओढत राहतात, पिळलेला दात सरळ केला असेल तर जास्तच. म्हणून तार काढल्यावर काढ-घाल करायची प्लेट देतात, नाहीतर दातांच्या मागे बारीक तार चिकटवतात. त्याला रिटेनर म्हणतात. आधीच्या दवाखान्यात "प्लेट घालत जा" एवढंच सांगितलं होतं, किती दिवस ते नाही. आणि या पोरीची प्लेट एका लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळलेली, ती पत्रावळींबरोबर गेली. नवीला पैसे लागतील म्हणून तिने घरी सांगितलंच नाही. तिला काय बोलणार?

दात खरंच सरकलाय का, हे नुसतं बघून ठरत नाही. ते मोजावं लागतं. पूर्वीपासूनची रीत म्हणजे तोंडात लगदा धरून ठसा घ्यायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं. गणपतीच्या साच्यासारखंच काम. मग त्या साच्यावर मोजायचं. 1975 साली अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट लिटल यांनी त्याची एक सोपी पद्धत मांडली. खालच्या पुढच्या सहा दातांमध्ये पाच सांधे असतात. शेजारचे दोन दात जिथे टेकायला हवेत, तिथून ते किती मिलिमीटर मागेपुढे गेलेत ते प्रत्येक सांध्यावर मोजायचं आणि पाचही आकड्यांची बेरीज करायची. 0 म्हणजे रांग सरळ, 1 ते 3 किरकोळ, 4 ते 6 मध्यम, 7 च्या पुढे जास्त. लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून तार लावलेल्या 65 जणांचे साचे रिटेनर बंद झाल्यावर 10 वर्षांनी मोजले. खालची रांग चांगली राहिलेले 30 टक्केसुद्धा निघाले नाहीत! म्हणजे हे एकट्या आपल्या पोरीचं नाही.

आता प्लास्टरऐवजी कॅमेरा आला आहे. जाडसर पेनासारखा तो दातांवरून फिरवतात आणि पडद्यावर दातांची प्रतिकृती उभी राहते. तिला टवका जात नाही, ती ओल धरत नाही, तिला फळीवर जागा लागत नाही. जुनी आणि नवी प्रतिकृती एकमेकींवर ठेवूनही बघता येते. त्यासाठी न हलणारी जागा लागते. जीभ वर लावून बघा, पुढच्या दातांमागे टाळूवर वळ्या लागतात ना? वरचे दात किती सरकले ते त्या वळ्यांच्या आधाराने कळतं. खालच्या जबड्यात अशी वळी नाही, म्हणून तिथे सांधेच मोजले.

पण तुलनेला जुनं काहीतरी हवं. ताईंनी तार काढल्या दिवशीचा प्लास्टरचा साचा साड्यांच्या पेटीत जपून ठेवला होता! डॉक्टरांनी त्याचाही स्कॅन केला. तेव्हाची बेरीज 1, आत्ताची साडेतीन. आईचं खरं निघालं.

ताईंना पहिली काळजी वाटली ती पुढे येणाऱ्या स्थळांची. खरं सांगायचं तर आम्हाला तिचा रागच आला, पण ती काळजी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. डॉक्टरांनी मात्र विचारलं, घास नीट चावतेस का, ब्रश पोहोचतो का? दोन्ही ठीक होतं. पुन्हा पूर्ण तार नको, मागून बारीक तार चिकटवून आहे तिथेच धरू, असं ठरलं. सहा महिन्यांनी परत स्कॅन आहे. ताईंनी आकडा कागदावर लिहून मागितला आणि प्रतिकृतीची फाइल मोबाइलवर घेतली.

गटात आम्ही आता एक ठरवलंय. दातांच्या तारेसाठी कर्ज मागताना रिटेनरचा आणि तार काढल्या दिवशीच्या साच्याचा किंवा स्कॅनचा खर्च अर्जात आधीच धरायचा. आणि पारदर्शक प्लेट असेल तर ती गरम पाण्याने धुवायची नाही, वाकडी होते. डबी घ्या, पंगतीला जाताना डबीच न्या.