चिपवर कोरलेलं गाव

डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली आणि सुट्या रॅमच्या बाजारातलं जवळपास तीन दशकांचं नाव निकालात निघालं. पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माण पट्ट्यात अख्खी आयटीनगरी उभी राहिली, पण तिथल्या यंत्रांतली स्मृती, म्हणजे हीच रॅम, मुळात कुठे घडली, याची नोंद कुणी ठेवल्याचं दिसत नाही.

अशा स्मृतीचा महाराष्ट्रातला सर्वांत जुना ठळक नमुना मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. फेराइटच्या एका कडीत एक बिट, म्हणजे ८१,९२० कड्या. आणि एवढं करून साठवण जेमतेम १० किलोबाइट. कड्यांच्या अशा जाळीचा काळ कडीच्या आकारावरून आणि तिच्यातून ओवलेल्या तारांवरून अजमावता येतो: कडी जितकी बारीक, तितकी जाळी साधारणपणे नंतरची. १९७०मध्ये इंटेलची ११०३ ही चिप आली आणि कड्यांचे दिवस भरले.

मूळ ओळखण्याचा खरा कस लागतो तो नव्वदच्या दशकातल्या रॅमच्या ‘सिम’ पट्ट्यांवर. ‘केएम४१सी४०००-७’ अशी छपाई असेल, तर ‘केएम’ म्हणजे सॅमसंग, क्षमता ४ मेगाबिट, वेग ७० नॅनोसेकंद. शेजारी ९३४२ हा आकडा असेल, तर चिप १९९३च्या ४२व्या आठवड्यातली. ‘एचएम’ हिताचीचं, ‘एमटी’ मायक्रॉनचं. ‘एचवाय’ ह्युंदाईचं, पण पुढे ‘बी’ लागला, की तीच चिप सीमेन्सची. इथे घाई करणारा हमखास फसतो. शिवाय चिपवरचा देश बहुधा जुळणीचा असतो. आतला सिलिकॉनचा तुकडा दुसऱ्याच देशात घडलेला असू शकतो.

४ जुलै १९९३ रोजी जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनाला लागणारी राळ तिथे बनत असे, त्यामुळे रॅमचे भाव भडकले. महागाईत लबाडीला ऊत येतो. जुनी छपाई घासून जास्त वेगाचा आकडा उमटवलेल्या चिपा बाजारात फिरल्या. नऊ चिपांच्या पट्टीवर नववी चिप चुका पकडण्यासाठी असते. तिच्या जागी काहीच न साठवता दरवेळी ‘सगळं ठीक’ असं कळवणारी स्वस्त चिप बसवली गेली. ग्राहकाची ही उघड फसवणूक होती. घासलेला पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरला, तर बारीक चरे दिसतात. एकाच पट्टीवर तारखांची सरमिसळ असेल, तर ती दुरुस्त केलेली किंवा जमवाजमव करून बनवलेली असण्याची शक्यता असते.

भारतात त्या काळात डीरॅम प्रकारच्या रॅम चिपा घडवणारा व्यावसायिक कारखाना झालाच नाही. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आला, तोही जुळणी आणि चाचणीचा. पुण्यात मात्र १९८८मध्ये सी-डॅक ही प्रगत संगणन संस्था स्थापन झाली, १९९१मध्ये तिचा ‘परम ८०००’ महासंगणक आला. एवढी परंपरा असलेल्या जिल्ह्यात जुन्या पट्ट्या आजही किलोच्या भावाने भंगारात जातात. हिंजवडीतल्या कंपन्यांनी त्या विकण्यापूर्वी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रं काढावीत आणि कोणत्या यंत्रातून, कोणत्या साली निघाल्या, हे सोबत लिहून ठेवावं.