जुना मदरबोर्ड, नवा प्रोसेसर

घरातील संगणक मंदावला म्हणजे तो मोडीत काढण्याची शिफारस दुकानदार तत्परतेने करतो. परंतु ज्याचा मदरबोर्ड निर्दोष आहे आणि ज्याच्या सॉकेटात अधिक समर्थ प्रोसेसर बसू शकतो, अशा यंत्राचा इतक्या लवकर निकाल लावणे मला अन्यायाचे वाटते. आमच्याकडे एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर इंटेलचा २०११ सालचा, दोन कोअरचा आय३-२१०० होता. त्याच्या जागी २०१२ सालचा, चार कोअरचा आय७-३७७० बसविण्याचे मी ठरविले.

दोघांचेही सॉकेट एलजीए ११५५. हा आकडा स्पर्शबिंदूंचा असून तो जुळला की काम फत्ते झाले, ही समजूतच पुष्कळदा घात करते. इंटेलच्या २०१५ सालच्या आणि २०१७ अखेरच्या प्रोसेसरांना स्पर्शबिंदू सारखेच ११५१, तरीही वीजपुरवठ्याच्या पिनांची वाटणी बदलल्यामुळे नव्या प्रोसेसराला जुन्या मदरबोर्डावर अधिकृत मान्यता मिळाली नाही. एच६१ची अडचण निराळी : ३२ नॅनोमीटरच्या काळातील बायॉसला २२ नॅनोमीटरच्या प्रोसेसराची ओळखच नसते. म्हणून बोर्डावर छापलेले नाव आणि त्याखालील बारीक अक्षरांतील आवृत्ती टिपून घेऊन, उत्पादकाच्या यादीत इष्ट प्रोसेसरापुढे बायॉसचा कोणता क्रमांक नोंदला आहे, हे पाहिल्यावाचून पैसे खर्चू नयेत.

क्रमही महत्त्वाचा आहे. बायॉस अद्ययावत करावयाचे ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच; कारण नवा आधी बसविला, तर पडद्यावर अक्षरही न उमटण्याचा संभव असतो आणि मग अद्ययावत करण्याचा मार्गच खुंटतो. पेनड्राइव्हवरील फाइल चिपमध्ये लिहिली जात असता वीज गेली, तर अर्धवट लिहिलेला बायॉस बोर्ड निकामी करू शकतो. यूपीएसची तजवीज केल्यावरच मी त्या कामाला हात घातला.

प्रत्यक्ष अदलाबदल त्या मानाने अल्पावधीची, पण हाताची परीक्षा पाहणारी. पंखा आणि हीटसिंक उतरविल्यावर वाळलेली थर्मल पेस्ट अल्कोहोलने पुसली, दांडी उचलली, आणि सॉकेटातील केसासारख्या पिनांची ती दाट, किंचित कललेली रांग दृष्टीस पडली. एलजीए रचनेत पिना प्रोसेसराला नसून सॉकेटाला असतात, आणि त्यांतील एक जरी वाकली तरी बोर्ड गमावण्याचा धोका असतो. दोन्ही खाचा जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा, दाबू मात्र नये. दांडी खाली घेताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. नवख्याने त्याला घाबरण्याचे कारण नाही, तो दाब रचनेतच योजिलेला आहे. ६५ वॉटच्या जागी आता ७७ वॉटचा प्रोसेसर आला, तेव्हा पंखाही त्या उष्णतेला पुरेसा आहे याची खातरजमा आवश्यक ठरते.

बायॉसच्या पानावर नव्या प्रोसेसराचे नाव उमटले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. या बोर्डाची मजल मात्र येथवरच : २०१३ साली आलेल्या पुढील पिढीचे सॉकेट एलजीए ११५०, आणि ते ११५५च्या बोर्डाशी जुळत नाही.